जुना रंगीत पेपर? आधी एक पट्टी धुऊन बघा

म्हापशातल्या बंद झालेल्या एका स्टुडिओतून मुदत संपलेला रंगीत प्रिंटिंग पेपर मिळाला. कित्येक पावसाळे खाल्लेला. थेट प्रिंट काढायला बसलात तर केमिकल गेलं आणि रात्रही गेली.

1. आधी डेव्हलपर, म्हणजे पेपरवर चित्र उमटवणारं केमिकल, तपासा. कोऱ्या चहासारखं काळपट झालं असेल तर बाद. नाहीतर पेपरचा तुकडा उजेड दाखवून त्यात बुडवा. गडद काळा झाला पाहिजे. ही पायरी गाळू नका, कारण मेलेल्या डेव्हलपरमध्ये खराब पेपरही पांढराशुभ्र निघतो. मी असाच फसलो.

2. पूर्ण अंधारात दोन बोटं रुंद पट्टी कापा. उजेड न दाखवता आरए-4 (रंगीत पेपर धुण्याची पद्धत) डेव्हलपरमध्ये 35 अंशांना 45 सेकंद, मग ब्लिक्स (पेपरमधली चांदी काढून टाकणारं केमिकल), मग पाणी.

3. वाळल्यावरच बघा, ओल्या पेपरचा रंग फसवा असतो. पांढरी निघाली तर नशीब! पिवळट निघाली तर प्रिंट काढताना लावायचे रंगीत फिल्टर बदलून पांढरा भाग पांढरा होणार नाही. असा पेपर जास्वंदीचं पान ठेवून उन्हात तापवा आणि नुसत्या फिक्सरमध्ये (छाप टिकवणारं केमिकल) धुवा, झकास छाप उमटते.

हातमोजे घालाच, डेव्हलपरने हाताला खाज सुटते. आणि उरलेलं केमिकल परसात, विहिरीजवळ ओतू नका.