सोयाबीनचे कट्टे उचलताना कंबर कशी वाचवायची

सोयाबीनचं मळणीयंत्र शेतात आलं की गावात कोणाची ना कोणाची कंबर धरतेच, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वजन लय होतं ना बाप्पा". वजन तर आहेच, पण बायोमेकॅनिक्सवाले, म्हणजे अंगात कुठं किती जोर येतो ते मोजणारे लोक, त्यासोबत अजून एक गोष्ट बघतात, कट्टा अंगापासून किती लांब आहे. मला तर हेच जास्त कामाचं वाटतं, कारण वजन आपल्या हातात नसतं, अंतर असतं.

हिशोब करून बघा. पाठीचे स्नायू मणक्याच्या गादीपासून साधारण ५ सेंमी मागं असतात. युरियाची ४५ किलोची बॅग गादीपासून ५० सेंमी पुढं धरली तर नुसता तोल सांभाळायला स्नायूंना दहापट, म्हणजे ४५० किलोइतका जोर लावावा लागतो, त्यात वाकलेल्या अंगाचं वजन तर धरलंच नाही. तीच बॅग पोटाशी घेऊन २५ सेंमीवर आणली की २२५. सब्बलीचं आखूड टोक धरून धोंडा उचलल्यासारखं आहे हे, आणि तो सगळा दाब गादीवर येतो.

कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचं वजन उचलण्याबद्दल १९९१ चं सूत्र आहे, त्यात सगळं मनासारखं असेल, वजन अंगाजवळ, उंची बरोबर, वळायचं नाही, तरी एका माणसानं उचलायची मर्यादा २३ किलो. ५० सेंमी लांब असेल तर तीच अर्धी. आपला भरलेला कट्टा यात कुठंच बसत नाही, म्हणून दोघांनी धरा, त्यात लाज कसली.

एकट्यालाच उचलावा लागला तर आडवा पडलेला कट्टा तसाच ओढू नका, आधी उभा करा, एक पाय त्याच्या बाजूला आणि एक थोडा मागं ठेवा, गुडघे वाकवून कट्टा आधी मांडीवर घ्या, मग पोटाला चिकटवूनच उभे व्हा. ट्रॉलीकडे वळताना कंबर पिळू नका, पाय उचलून अख्खं अंग फिरवा, वाकलेलं असताना पिळ बसला की गादीची बाहेरची कडी फाटायची भीती जास्त. त्याहून सोपं म्हणजे कट्टे जमिनीवर ठेवूच नका, ओट्यावर नाहीतर पाट्यांवर मांडीच्या उंचीला रचा, अर्धं काम तिथंच हलकं होतं.

सकाळी उठल्याउठल्या मात्र जड काम नको. रात्रभर गादी पाणी शोषून फुगते, तेव्हा वाकलं की ताण जास्त येतो. १९९८ च्या एका अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या लोकांनी सकाळचे पहिले दोन तास वाकणं टाळलं तर दुखणं कमी झालं. निंदणाला किंवा वेचणीला तासभर वाकून असलेल्या बायांनीही लगेच कापसाचं गाठोडं उचलू नये, थोडं सरळ उभं राहून, चार पावलं चालून मगच.

आणि कंबरेसोबत पायात ताकद कमी वाटली, बसायच्या जागेवर बधिरपणा आला किंवा लघवी अडकली, तर चोळायला नेऊ नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, नस दाबली गेली असेल तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.