खिडकीफूल, 'वसंत' अक्षर आणि कंदील: चिनी नववर्षाचं कागदकाम मुलांकडून कसं करून घ्यावं

चिनी नववर्ष, म्हणजे तिथला वसंतोत्सव, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांदरम्यानच्या अमावस्येला सुरू होतो आणि पंधराव्या दिवशी, पौर्णिमेच्या सुमारास, कंदिलांच्या सणाने संपतो. उत्तर चीनमधल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचा नसत, लाकडी जाळीवर पांढरा कागद डकवलेला असे. सणाआधी तो कागद नवा लावायचा आणि त्यावर लाल कागदाची कापलेली नक्षी चिकटवायची. या नक्षीला म्हणतात च्वांगह्वा, शब्दशः 'खिडकीफूल'. मुलांबरोबर सुरुवात इथूनच करावी. कात्री, एक कागद आणि नीट घातलेली घडी एवढ्यावर काम होतं.

कागद कोणता घ्यावा

एका बाजूने लाल असलेला पातळ घोटीव कागद सगळ्यात सोयीचा. पतंगाचा कागदही चालतो, पण लहान हातांत तो चुरगळतो. कार्डशीट या कामाला नको. पुढच्या घडीत कागदाचे १२ थर होतात. जाड कागदाचे १२ थर मुलांच्या कात्रीला कापत नाहीत, ते पात्यांमध्ये वाकतात. मग मूल जोर लावतं, थर सरकतात आणि उलगडल्यावर प्रत्येक पाकळी वेगळ्या मापाची निघते. कात्री छोटी, बोथट टोकाची पण धारदार हवी. याशिवाय पट्टी, कोनमापक, पेन्सिल आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा.

खिडकीफूल: सहा पाकळ्यांची घडी

१. १५ × १५ सेंटीमीटरचा चौरस कापा. रंगीत बाजू आत ठेवून कर्णावर दुमडा, म्हणजे पेन्सिलीच्या खुणा पांढऱ्या बाजूवर राहतील. आता त्रिकोण झाला.

२. त्रिकोणाच्या लांब बाजूचा मध्यबिंदू शोधा. फुलाचं केंद्र तेच.

३. केंद्रावर कोनमापक ठेवून ६० आणि १२० अंशांवर रेघा काढा. उजवा भाग पहिल्या रेघेवर दुमडून डावीकडे आणा, मग डावा भाग त्याच्यावर आणा. दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींवर बरोबर बसल्या पाहिजेत. इथे दोन मिलीमीटरचा फरक राहिला तर तो सहाही पाकळ्यांत दिसतो. घडी पक्की करण्याआधी हलक्या हाताने जमवून पाहा, मगच नखाने दाबा.

४. ही फाक उभी मधोमध दुमडा. आता ३० अंशांची, १२ थरांची निमुळती फाक तयार झाली.

५. केंद्रापासून ७ सेंटीमीटरवर एक कमान काढा. फुलाची बाहेरची कड ही. कमान एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटरभर खाली उतरती काढली की गोल चकतीऐवजी पाकळ्या मिळतात.

आता आतली नक्षी. चिनी कारागिरांच्या हातात दोन आकार कायम असतात: चंद्रकोर आणि करवतीचे दाते. मुलांना हे दोनच शिकवा, भरपूर झाले. घडीच्या कडेवर अर्धा बदाम कापला की उलगडल्यावर पूर्ण बदाम होतो. तिथेच नखाएवढी अर्धी कोर कापली की पानासारखं भोक पडतं. करवतीचे दाते बाहेरच्या कमानीवर काढायचे, प्रत्येकी ३ ते ४ मिलीमीटर खोल. त्याहून खोल गेले तर टोकं दुमडतात आणि चिकटवताना फाटतात.

सगळ्यात जास्त फुलं बिघडतात ती एकाच कारणाने. या फाकेच्या दोन्ही बाजू घडीच्याच आहेत. एका बाजूने घेतलेली खाच दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचली की फूल कापलं जातं: बाहेरचं कडं वेगळं, मधली चकती वेगळी. समोरासमोरच्या दोन खाचा मधे भिडल्या तरी तेच. म्हणून कापायचे भाग आधी पेन्सिलीने गडद भरून घ्या. कुठल्याही दोन गडद भागांमध्ये किमान ४ मिलीमीटर कोरी पट्टी राहिली पाहिजे. मुलाने त्या पट्टीवरून केंद्रापासून काठापर्यंत बोट फिरवून पाहावं. बोट कुठे अडलं, तर तिथली खाच लहान करायची.

कापताना आतल्या बारीक खाचा आधी, बाहेरची कमान सगळ्यात शेवटी. कमान आधी कापली तर धरायला कागदच उरत नाही. चिमटा रुंद टोकाला लावून ठेवा. कात्रीवाला हात स्थिर ठेवायचा, वळवायचा तो कागद. पात्याच्या टोकाने न कापता मुळाशी कापावं, तिथे ताकद जास्त असते.

उलगडताना घाई केली तर बारीक पूल तुटतात. एकेक घडी टेबलावर ठेवून सोडवा आणि फूल रात्रभर जाड पुस्तकात दाबा. काचेवर लावताना गोंदकांडीचे पाच-सहा ठिपके पुरतात. ओली खळ लावू नका, या कागदांचा लाल रंग पाण्याने सुटतो आणि काचेवर ओघळतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना चौथी पायरी गाळू द्या. सहा थर सहज कापले जातात, फक्त पाकळ्या सहाऐवजी तीन होतात आणि फूल थोडं कमी नाजूक दिसतं.

ही घडीची पद्धत फार जुनी आहे. वायव्य चीनच्या शिंजियांगमधल्या तुरपान शहराजवळ अस्ताना इथल्या थडग्यांत अशीच घडी घालून कापलेली गोल कागदी फुलं मिळाली, सुमारे १,५०० वर्षांपूर्वीची. त्यांतल्या एकात माकडांच्या जोड्या आहेत, एकात घोड्यांच्या. चिनी कागदकापकाम २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं.

'वसंत' हे अक्षर: 春

उच्चार 'छुन'. त्याच्या दोन बाजू जवळपास सारख्या असल्याने एका घडीत कापता येतं. १२ × 12 सेंटीमीटरचा कागद उभा दुमडा, घडी डावीकडे ठेवा. पुढची सगळी मापं वरून खाली आणि घडीपासून उजवीकडे आहेत.

- मधला दांडा: घडीलगत ४ मिलीमीटर रुंद, ०.५ ते ५.५ सेंटीमीटरपर्यंत.
- तीन आडव्या पट्ट्या, प्रत्येकी ८ मिलीमीटर जाड. त्या १.५, ३.१ आणि ४.७ सेंटीमीटरवर सुरू होतात. वरच्या दोन ३ सेंटीमीटर लांब, तिसरी ५.
- तिरका फाटा: तिसऱ्या पट्टीच्या खाली घडीपासून निघून ५.५ सेंटीमीटर दूर, ९ सेंटीमीटर खोलीवर पोहोचणारा, साधारण ८ मिलीमीटर जाड.
- खालची पेटी: ७.२ ते ११.४, रुंदी २.३. घडीच्या बाजूने तिच्यात दोन आयताकृती खाचा, १.५ खोल आणि ०.९ उंच, वर-मधे-खाली ८ मिलीमीटरची पट्टी सोडून.

फाटा आणि पेटी यांच्यामध्ये घडीवर एक छोटा त्रिकोण कापायचा, ६.४ ते ७.२ च्या दरम्यान, १.२ खोल. तो याहून खोल नेऊ नका, कारण पेटी अक्षराला लटकलेली असते ती पुढच्या सेंटीमीटरभर जोडावरच.

जुळ्या 'आनंद' अक्षराची नक्षी, 囍, अनेकदा नववर्षाची म्हणून मुलांकडून करून घेतली जाते. ती लग्नाची खूण आहे, या सणाला 春 किंवा 福 कापावं. 福 म्हणजे सौख्य, उच्चार 'फू'. चौकोनी लाल कागद टोकावर उभा धरून त्यावर जाड काळ्या रंगाने ते लिहितात आणि पुष्कळदा उलटं लावतात. चिनी भाषेत 'उलटं' आणि 'आलं' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'दाओ' असा होतो. त्यामुळे 'फू उलटं झालं' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'सौख्य आलं' असं ऐकू येतं.

कंदील

चिरा पाडलेला कागदी कंदील बहुतेकांनी शाळेत केलेला असतो, आणि बहुतेकांचा नळकांड्यासारखा सरळ राहिलेला असतो. फुगवटा येतो तो आतल्या नळीमुळे.

ए-फोर मापाचा जाडसर लाल कागद लांबीने दुमडा. उघड्या कडेपासून २ सेंटीमीटरवर रेघ मारा आणि घडीकडून त्या रेघेपर्यंत दर दीड सेंटीमीटरला चीर द्या. दोन्ही टोकांना दीड सेंटीमीटर सोडा. आता पिवळा कागद २९.५ × १८ सेंटीमीटर कापा, गुंडाळून दीड सेंटीमीटरच्या जोडावर चिकटवा. लाल कागदाची उंची २१, पिवळ्याची १८. लाल कागद त्याच्याभोवती गुंडाळून वरच्या आणि खालच्या कडा पिवळ्याच्या कडांशी जुळवून चिकटवल्या की उरलेले ३ सेंटीमीटर बाहेर फुगतात. वरची कड आधी लावा, ती वाळू द्या, मगच खालची. दोन्ही एकदम लावायला गेलं की कंदील पिळतो.

आत मेणबत्ती नको, बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवा. कंदिलांच्या सणाला चीनमध्ये कंदिलांना कोड्यांच्या चिठ्ठ्या बांधतात आणि ज्याला कोडं सुटेल तो चिठ्ठी काढून उत्तर सांगायला जातो. मुलांना येणारी मराठी कोडी ३ × १५ सेंटीमीटरच्या पट्ट्यांवर लिहून दोऱ्याने खाली बांधा, उत्तर मागे लिहू नका.