अवांतर वाचनाची नोंद ठेवताय? या चुका टाळा

चौथीतल्या एका पोराच्या वाचनकार्डावर महिन्यात २२ पुस्तकं लागली होती. कौतुकानं त्याला जवळ बसवलं आणि त्यातलं एक पुस्तक उघडलं. पहिल्या दोन पानांवर बोटांचे डाग, पुढची पानं कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली. पोरगं रडवेलं झालं. चूक माझी होती. ‘जास्त पुस्तकं त्याला चांदणी’ हा तक्ता भिंतीवर मीच लावला होता.

तेव्हापासून पुस्तकं मोजणं बंद केलं. आता रोज चार-पाच मुलं, प्रत्येकाला पाच मिनिटं. “तुला आवडलेलं पान वाचून दाखव,” एवढंच म्हणायचं. कुठं अडखळतंय ते कानाला लगेच कळतं. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर सध्या त्याहून सोपं पुस्तक द्यायचं. वहीत तारीख, पान क्रमांक आणि मूल जे बोललं त्यातलं एक वाक्य. अर्ध्यात सोडलेलं पुस्तकही लिहायचं, का सोडलं त्यासकट. मूल पुस्तकं वाचतंय की नुसतीच चाळतंय, हे त्या वहीतूनच उमगतं.

प्रत्येक पुस्तकाचा सारांश मागू नका. मुलं मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरवून आणतात.

“पाचवीत आलास आणि पहिलीचं पुस्तक घेतोस?” हे तर चारचौघांत कधीच बोलू नका. असं ऐकलेलं मूल पुन्हा कपाटाकडं फिरकत नाही. जाड पुस्तकाला बिचकणाऱ्यांना बालभारतीचं ‘किशोर’ द्या. १९७१ पासून निघणारं हे मासिक आहे, त्यात दोन पानांत संपणारं बरंच असतं.

तांड्यावरच्या मुलांबाबत आपण फार घाई करतो. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या मुलीनं मराठी गोष्ट वाचली आणि ती गोरमाटीत सांगितली, तर तिला समजली आहे. मराठीत सांगता येत नाही म्हणून ‘वाचन कच्चं’ असा शेरा मारू नका. दखनी बोलणाऱ्या घरातल्या मुलांचंही तेच.

आणि कपाटाचं कुलूप. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी पुस्तकं मांडायची, दुसऱ्या दिवशी आत टाकायची, फाटतील म्हणून. फाटू द्या, चिकटवता येतात. बीडकडच्या शाळांना तर दिवाळी मोठी कसोटीची. आईबाप ऊसतोडीला निघतात, पोरंही ट्रॅक्टरमध्ये बसतात. पुस्तक परत येणार नाही या भीतीनं आपण नेमकं त्यांनाच देत नाही. मी आता बिऱ्हाड हलायच्या आधी प्रत्येकाला दोन-दोन देते.

गेल्या चैत्रात एक पुस्तक कोपीवरून, म्हणजे ऊसतोडकऱ्यांच्या झोपडीवरून, परत आलं. चुलीच्या धुराचा वास, कोपरे दुमडलेले. मधल्या एका पानावर पेन्सिलीनं धाकट्या भावाचं नाव गिरवलेलं. पुस्तक नेलेल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, “बाई, त्याला रोज वाचून दाखवायचे.”