ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याची प्रॅक्टिस सुरू करताय? मग हे वाचा

नवीन गायनॅक मंडळींसाठी लिहितेय. सहा महिन्यांहून जास्त ओटीपोट दुखतंय, सोनोग्राफी नॉर्मल, तीन-चार डॉक्टर फिरून झालेत, अशी पेशंट रोजच्या ओपीडीच्या दहा मिनिटांत नीट बघून होतच नाही. म्हणून आठवड्यातल्या एक-दोन दुपारी फक्त यांच्यासाठी ठेवा, पहिल्या भेटीला पाऊण तास द्या आणि त्या वेळेची फी घ्या, संकोच नको. फुकट वेळ देत राहिलात तर प्रॅक्टिस ऑपरेशनवर चालवावी लागते, आणि मग हळूहळू प्रत्येकीला दुर्बिणीचं ऑपरेशन नाहीतर गर्भपिशवी काढणं सुचायला लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, ते आपण विसरता कामा नये.

पहिल्या भेटीत नवऱ्याला किंवा सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसवा. पाळीसोबत लघवी, संडास, झोप, संबंधाच्या वेळचं दुखणं, घरातली मारहाण, सगळं विचारा, ती आपणहून सांगणार नाही. तपासताना दुखऱ्या जागी बोट ठेवून तिला डोकं-खांदे उचलायला सांगा, दुखणं वाढलं तर ते बहुतेक पोटाच्या भिंतीतलं. मग तिची परवानगी घेऊन, एकाच बोटाने, हळू, पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू तपासा, कितीतरी जणींचं दुखणं तिथेच सापडतं आणि तोवर कुणी हातच लावलेला नसतो! सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) नाही असं समजू नका, आणि आपल्याकडे ओटीपोटाचा टीबीही डोक्यात असू द्या.

एकट्याने हे जमत नाही. पेल्विक फ्लोअरचं काम येणारी फिजिओ सगळ्यात आधी शोधा, गावात नसेल तर एखाद्या उत्साही फिजिओला ट्रेनिंगला पाठवा. युरो (लघवीचे), गॅस्ट्रो (पोटाचे), पेनवाले (दुखण्यावर उपचार करणारे) डॉक्टर आणि कौन्सेलर फोनवर असले तरी चालतं.

औषधं सवयीने लिहू नका. कारण न सापडलेल्या दुखण्यात गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्याचं औषध प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही, २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये ट्रायल आलीये, तरी सर्रास दिलं जातं.

"पूर्ण बरं करतो" असा शब्द देऊ नका, त्यापेक्षा तिला काय करता यायला हवंय ते विचारा, कामावर जाणं, मांडी घालून बसणं, आणि प्रत्येक फॉलोअपला तेच मोजा. पुढची तारीख ती बाहेर पडायच्या आत द्या. पाठवणाऱ्या डॉक्टरांना छोटं पत्र लिहा आणि त्यांची पेशंट त्यांच्याकडे परत पाठवा, पुढच्या पेशंट तिथूनच येतात.