हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचाय? मोहोर आला की तयारीला लागा

आंबा पेटीत भरून झाल्यावर पोस्ट टाकायला बसलात तर उशीर झालेला असतो. मार्च उजाडला की पुण्या-मुंबईच्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर ‘अस्सल देवगड’चे फोटो पडायला लागतात आणि पिवळ्या आंब्याचा फोटो सगळ्यांचा सारखाच दिसतो. तुमच्याकडे बाग आहे, ती दाखवा. कलमाला मोहोर फुटला की, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच सुरुवात करा.

आधी नंबर. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. बागेचा पत्ता, गाव, तालुका नीट भरा. सहा आकडी पिन लावून टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, कारण ऐन हंगामात खातं दुसऱ्याच्या हातात गेलं तर सगळी गिऱ्हाइकं त्याच्या हातात जातात. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पेटी वेगळी दाखवा: फळ किती ग्रॅमचं, पेटीत किती डझन, भाव किती, वाहतूक धरून की वेगळी. ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहू नका. भाव लपवला की माणूस पुढच्या फोटोकडे जातो.

मग जुन्या गिऱ्हाइकांची यादी. वहीतले, पावतीपुस्तकातले सगळे नंबर काढा आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायची यादी. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पण आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलेला असतो त्यांनाच तो मेसेज पोचतो. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. अक्षय्य तृतीयेच्या पेट्यांचा मेसेज पाठवला आणि दोन दिवस फोनकडे बघत बसलो, मोजून चार जणांचं उत्तर आलं. आता मी जानेवारीतच प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज करतो, मोहोराचा एक फोटो पाठवतो आणि ‘नंबर सेव्ह करून ठेवा, काढणी सुरू झाली की कळवतो’ एवढंच लिहितो.

व्हिडिओवर मात्र जीव ओता. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. फोन उभा धरा आणि सकाळच्या उन्हात काढा. मोहोर, कणी (नुकतं धरलेलं बारीक फळ), फळ सुपारीएवढं झालेलं, फवारणी, रात्रीची राखण, दर आठवड्याला एकेक दाखवत जा. तुडतुड्याची कीड लागली किंवा अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला तर तेही दाखवा. भाव का चढला हे मग वेगळं सांगावं लागत नाही. काढणीचा व्हिडिओ तर हवाच. झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) फळ अलगद देठासकट उतरवायचं, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथेच डाग पडतो. चौदा आणे, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळ कसं ओळखायचं, देठाजवळचे खांदे कसे भरलेले असतात, हे बागेतल्या जाणत्या माणसाला त्याच्याच बोलीत सांगू द्या. मागे गाणं लावू नका, त्याचा आवाज ऐकू येऊ दे. आढीतला (आंबे पिकायला घातलेल्या थरांतला) पेंढा उचलून आतली फळं दाखवणारी पंधरा सेकंदंही पुरतात.

नावाचं कामही आधीच उरकून घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाच्या मालाचा अधिकृत शिक्का मिळाला. तो वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो प्रोफाइलवर ठेवा, नसेल तर तो शिक्का पोस्टवर वापरू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी गिऱ्हाईक विचारतंच. आपण कसं पिकवतो ते लिहून ठेवलेलं तयार उत्तर हवं.

ऑर्डर घेण्याआधी तारखांचा विचार करा. आढीत फळाला आठ-दहा दिवस लागतात, टेम्पो कधी निघतो ते आपल्याला ठाऊक असतं, मग ‘उद्या मिळेल’ कशाला म्हणायचं? पेटी पोचेल तेव्हा आंबा कच्चा असेल की खायला तयार, हेही कळवा. साका, म्हणजे गराचा आतून खराब झालेला भाग, बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. म्हणून खराब निघालेल्या फळाचा फोटो किती दिवसांत पाठवायचा आणि बदल्यात काय देणार, हे पहिल्याच मेसेजमध्ये असू दे. यूपीआयचा क्यूआर कोड स्वतःच्या किंवा फर्मच्या खात्याचा असावा. पैसे घेण्यासाठी आपल्याला पिन टाकावा लागत नाही, हे फोन सांभाळणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

पैसे भरून जाहिरात करायची तर जिथे पेटी खरोखर पोचते तीच शहरं निवडा. अमेरिकेतल्या भाचीचा मेसेज येईलच, पण तिकडे विकिरण केलेलाच (किडीसाठी किरणांची प्रक्रिया केलेलाच) आंबा जातो, आपण कुरिअरने पाठवू शकत नाही. तिला तसं प्रेमाने सांगा आणि तिच्या आईच्या घरी पेटी पाठवायची का ते विचारा.

शेवटची पेटी गेली की त्याच दिवशी जाहिरात थांबवा, कॅटलॉगवर ‘यंदाचा आंबा संपला’ लिहा आणि ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांची नावं पुढच्या वर्षीच्या यादीत सगळ्यात वर घ्या.