मिनी ट्रॅक्टरला वजन लावताय? आधी काट्यावर न्या

सांगोला, पंढरपूर साईडला डाळिंब-द्राक्षवाल्यांनी मिनी ट्रॅक्टर लई घेतलेत अन सगळ्यांच्या तक्रारी दोनच, एक तर मागची चाकं जागेवर फिरतात नाहीतर अवजार उचललं की तोंड हलकं होतं अन स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. दोन्हीला लोक एकच सांगतात, "वजन टाक की". अहो पण कुठं? हे दोन वेगळे आजार आहेत. चाकं फिरत असतील तर वजन मागच्या चाकात, तोंड उचलत असेल तर पुढच्या बंपरला. पुढं लटकवलेलं वजन मागच्या चाकांवरचा भार थोडा कमीच करतं, त्यामुळं उलटं केलं की त्रास वाढतो.

म्हणून आधी वजनकाट्यावर जा. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा लिहा, मग अख्खा ट्रॅक्टर घ्या. अवजार मागं उचललेलं पाहिजे अन ब्लोअर (पंख्याचा फवारणी पंप) असेल तर टाकी काठोकाठ भरलेली, रिकाम्या टाकीवर केलेला हिशोब बागेत उपयोगाचा नाही. एकूण वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या चाकांवर यायला हवं.

समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातलं ३०० पुढं. पुढच्या अन मागच्या एक्सलमध्ये अंतर दीड मीटर. मागं २०० किलोचं अवजार, त्याचा भार मागच्या एक्सलपासून एक मीटर मागं. तर पुढचे साधारण १३३ किलो (२०० × १ ÷ १.५) गेले, उरले १६७, एकूण १००० किलोत १७ टक्केच. आता पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढं ८० किलो लावले तर पुढं जवळपास १०७ किलो (८० × २ ÷ १.५) वाढतात, म्हणजे २७४, एकूण १०८० च्या २५ टक्के. बास झालं की. जास्त लावून पुढचा एक्सल मोडून घेऊ नका, मॅन्युअलात लोडची मर्यादा असते ती बघा.

हे ८० किलो कंपनीच्या वजनाचेच पाहिजेत असं काही नाही. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा काँक्रीटनं भरला की साधारण ४० किलो होतो, असे दोन करायचे. ओततानाच आत लोखंडी पट्टी अन बोल्ट सोडा अन बंपरच्या ब्रॅकेटला नट-बोल्टनं आवळा. दोरीनं, तारेनं बांधू नका बाबा, बांधावर आदळलं की तो डबा चाकाखाली येतो.

मागच्या चाकासाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे पाणी, एक लिटरला एक किलो. चाक जॅकवर घ्या, वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) एकदम वर आणा, त्यातली पिन काढून हवा-पाण्याचा नोझल लावा, भरताना मधून मधून हवा सोडत राहा. वॉलमधून पाणी यायला लागलं की थांबा, तेव्हा टायर साधारण ७५ टक्के भरलेला असतो. वरची जागा हवेला ठेवायचीच, तिच्यामुळंच धक्का सोसतो. मग पिन बसवून हवा भरा, प्रेशर बघताना वॉल वरच ठेवा नाहीतर गेजमध्ये पाणी जाईल. दोन्ही चाकात सारखंच. थंड देशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात, सोलापूरच्या उन्हात ती भानगड नको. ट्यूब असेल तर बोअरचं खारं पाणीही चालतं, ट्यूबलेस असेल तर मात्र रिम गंजते. पंक्चर काढायला गेलात तर आधी सांगा आत पाणी आहे म्हणून, नाहीतर पंक्चरवाल्याची आंघोळ होते.

पुरेसं झालं का हे शेतातच कळतं. टायरवर खडूनं खूण करा, अवजार वर उचलून चाकाचे १० फेरे मारा, दोन्ही टोकाला खुंटी ठोका. आता त्याच अंतरात अवजार जमिनीत घालून चालवा. ११ ते साडेअकरा फेरे लागले तर बरोबर. साडेबारा म्हणजे २० टक्के स्लिप (चाक जागेवर फिरणं), वजन वाढवा. १० च लागले तर उगाच ओझं वाहताय, डिझेल जातंय.

अन एक, नुसती फवारणी असेल तर चाकातलं पाणी काढा. आपली काळी जमीन, त्यात ड्रिपची ओल, जड चाक दोन झाडांच्या ओळीत फिरलं की माती दबून पाटीसारखी होते अन मुळ्यांना हवा मिळत नाही. पुढचे डबे मात्र ब्लोअर आहे तोवर राहू द्या. ट्रॉली ओढायची असेल तर खालच्या हुकालाच लावा, टॉपलिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी अडकवली तर ट्रॅक्टर मागं उलटतो, पुढं कितीही डबे लावा.