समुद्रातल्या इनटेकवर काम करायचं असेल तर

गोव्यात डायव्हिंग म्हटलं की लोकांना ग्रँड आयलंड आठवतं, रंगीत मासे आठवतात. तिथला कोर्स झाला की वास्को-मडगावची, मालवण-वेंगुर्ल्याची मुलं विचारतात, "आता कमर्शियल डायव्हिंगमध्ये, म्हणजे पाण्याखालच्या कामात, कसं जायचं?" मी ज्या कामात आहे, त्याबद्दल सांगतो: समुद्राचं पाणी खेचणाऱ्या इनटेकचा पाया पक्का करणं.

वीज केंद्राला थंडाव्यासाठी आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या प्रकल्पाला कच्चा माल म्हणून समुद्राचं पाणी लागतं. चेन्नईजवळच्या मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) प्रकल्पांची क्षमता प्रत्येकी रोज १० कोटी लिटर गोड्या पाण्याची. एवढ्यासाठी किनाऱ्यापासून दूर, तळावर काँक्रीटचं तोंड बसवतात आणि तिथून पाइप जमिनीकडे आणतात. तोंडावर झाकण असतं, म्हणजे पाणी वरून नव्हे तर बाजूने आडवं शिरतं. आडवा प्रवाह माशांना जाणवतो आणि ते दूर राहतात. वेगही सेकंदाला साधारण १५ सेंटिमीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो.

या रचनेचा खरा शत्रू म्हणजे तळाची रेती. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ओल्या रेतीत उभं राहा. लाट परतताना टाचेखालची रेती निघून जाते, तसंच काँक्रीटच्या कडेला होतं. अडथळ्यापाशी प्रवाह भोवरा घेतो, रेती उपसतो आणि पायाखाली पोकळी होते. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावरची रेती आत समुद्रात जाते आणि नंतर हळूहळू परतते. त्यामुळे मे महिन्यात ठीक दिसणारा पाया ऑक्टोबरमध्ये अधांतरी असू शकतो. एचडीपीई पाइपचं आणखी एक: हे प्लास्टिक पाण्याहून हलकं, आत पाणी भरलं तरी तरंगू बघतं. त्याला काँक्रीटची वजनं बांधतात. खालची रेती गेली की तो दोन टोकांमध्ये लोंबकळतो.

इलाज सुरू होतो मोजणीपासून. पोकळी किती खोल, कडेपासून किती आत गेलेली, हे हाताने चाचपून वर सांगायचं. मांडवी-जुवारीच्या मुखाजवळ पाणी इतकं गढूळ असतं की हेल्मेटचा दिवा निरुपयोगी ठरतो. आमचे मालवणचे तात्या नवख्यांना सांगतात, "डोळे मिट आणि हातान बघ." याहून नेमकी शिकवण मी ऐकलेली नाही. हाताला शिणाणी (शिंपले) आणि बार्नेकल (काँक्रीटला घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) यांचा थर लागतो. तो खरवडल्याशिवाय काँक्रीटची कड सापडत नाही.

मग पोकळीच्या कडेने ग्राउटच्या (सिमेंटच्या ओतता येणाऱ्या मिश्रणाच्या) पिशव्या सांधे चुकवून रचायच्या, आत नळी घालायची आणि बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या कामाच्या बोटीवरून, ग्राउट हळू सोडायचा. दुसऱ्या टोकाच्या नळीतून तो घट्ट बाहेर येईपर्यंत थांबायचं. दाब वाढवला तर पायाच उचलला जातो. बाहेरच्या बाजूला आधी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण रेती अडवणारं कापड), त्यावर बारीक खडी, मग मोठे दगड. थेट रेतीवर मोठे दगड टाकणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. फटींतून रेती निसटते आणि दगड खाली जातात. क्रेनने दगडाच्या जाळ्या किंवा काँक्रीटच्या मॅट उतरवताना डायव्हर बाजूला असला पाहिजे. भार टेकल्यावर, सुपरवायझरने सांगितल्यावरच जवळ जायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इनटेकवर माणसं बुडून कमी, खेचली जाऊन जास्त धोक्यात येतात. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ५ मीटरचा फरक असेल, तर ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या भोकावर सुमारे ४६० किलोचा जोर येतो. हात अडकला तर कुणाच्या ताकदीने सुटत नाही, आणि जवळ जाईपर्यंत ओढ जाणवतही नाही. म्हणून पंप बंद, त्यांच्या स्विचला कुलूप, चावी डाइव्ह सुपरवायझरकडे, आणि दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाल्याची खात्री. "पंप बंद आहे" हे कुणी फोनवर सांगितलं म्हणून पाण्यात उतरू नका. नवीन आहात म्हणून विचारायला संकोच वाटेल, तरीही विचारा. नाही म्हणायचा हक्क डायव्हरला असतो.

पर्यटनाच्या डायव्हिंगचं कार्ड या कामाला पुरत नाही. इथे हवा वरून नळीने येते, हेल्मेटमध्ये फोन असतो, पाठीवर आणीबाणीची बाटली, आणि वर स्टँडबाय डायव्हर तयार बसलेला असतो. त्याचं वेगळं प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी लागते. कान-सायनसचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पण कोर्सच्या आधी हातात काम घ्या, असं माझं ठाम मत आहे. आयटीआयमधून वेल्डिंग-फिटिंग शिका, काँक्रीटच्या साइटवर काही महिने घालवा, गाठी अंधारात बांधता येईपर्यंत घोटा. वर उजेडात जे जमत नाही, ते खाली जमणार नाही.

पाण्यातलं काम साधारण ऑक्टोबर ते मे. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत प्रवाह कमी, म्हणून नाजूक कामं तेव्हा. उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) बहुतेक बार्जवरची दुरुस्ती. कामाची विचारणा सप्टेंबरमध्येच करा, तेव्हा टोळ्या ठरत असतात. पहिल्या हंगामात टेंडर, म्हणजे वरून डायव्हरची नळी सांभाळणारा मदतनीस, म्हणून घेतलं, तर आनंदाने जा. डायव्हरची नळी हातात धरून बसलं की प्रवाह, थकवा आणि खालच्या माणसाचा श्वास ओळखू येऊ लागतो.